पॅटर्नवाले तात्या

लाकूड कोणत्या झाडाचं आहे हे तात्या डोळ्यांनी ओळखत नसत. पातं आत शिरून भुशाची पहिली धूसर रेघ उडाली, की ते मान किंचित पुढे करत, श्वास घेत आणि नाव सांगत. सागाच्या भुशाला जुन्या चामड्याचा वास, कडुनिंबाचा भुसा घशात कडू उतरणारा, बाभळीचा ओल्या मातीसारखा जड. शिवणीच्या लाकडाला मात्र वासच नाही, असं त्यांचं म्हणणं. "म्हणून तर पॅटर्नला शिवण चांगली," ते म्हणत, "जिला सोताचं काय सांगायचं न्हाय, ती दुसऱ्याचा आकार नीट धरती."

उभं आयुष्य त्यांनी फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न केले होते. पंपाचं कवच किंवा एखादं चाक बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतायचं असेल, तर ते आधी लाकडात जसंच्या तसं घडवावं लागतं. तो पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड सोडायचं. वस्तू जगात निघून जाते, पॅटर्न मांडणीवर धूळ खात राहतो. तात्यांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जात. वडिलांनी थोडी शेती धरली. तात्यांनी लाकूड धरलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वालचंदनगरच्या रस्त्यावर, कालव्याच्या भरावाखाली तीन खोल्या बांधल्या आणि शेवटच्या खोलीच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची शेड उभी केली.

मी तिथे पोचले ती माझ्या अडाणीपणामुळे. बारामतीच्या महाविद्यालयात कविता शिकवता शिकवता माझ्या बोटांना खडूखेरीज दुसरं काही माहीत उरलं नव्हतं, आणि आई गेल्यानंतरच्या श्रावणात मला बोटांना काम द्यावंसं वाटलं. म्हणून मी स्क्रोल सॉ मागवला. शिलाईयंत्राएवढं ते यंत्र. सुईच्या जागी उभं, दातेरी, दोऱ्याइतकं बारीक पातं, जे सरसर खालीवर होतं आणि लाकडात नक्षी कोरतं. पहिल्याच दिवशी माझी सहा पाती तुटली. दुसऱ्यांदा डझनभर पाती घ्यायला गेले तेव्हा हार्डवेअरवाल्यानं हात जोडले. "मॅडम, पाती इकणं माझा धंदा हाय. पण तुमाला अशीच इकत ऱ्हायलो तर पाप लागंल मला. पॅटर्नवाल्या तात्यांकडं जावा."

तात्यांनी पाहिलं ते आधी माझ्या हातांकडे. "धा हायती न्हवं बोटं?" ते म्हणाले. "हितं येताना मोजायची, जाताना मोजायची. हिशोब जुळला की धडा झाला."

मी खदखदून हसले. ते हसले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीला टोकाचं पेर नव्हतं, हे मला नंतर दिसलं.

तेव्हापासून दर शनिवारी आणि रविवारी दुपारी मी शेडमध्ये जाऊ लागले. महिनाभर त्यांनी मला नक्षी कापू दिली नाही. खोक्याच्या फळीवर पेन्सिलीनं सरळ रेघा मारून देत आणि त्या कापायला लावत. पात्याचे दात खाली तोंड करून असतात, हेही मला ठाऊक नव्हतं; मी उलटं लावत होते आणि लाकूड उडी मारत होतं. पातं ताणून बसवलं की ते त्याला नखानं छेडत. मला तार छेडल्यासारखा एक उंच, स्वच्छ स्वर ऐकू येई. तात्या मात्र कान लावत नसत. करवतींच्या सहवासात त्यांचे दोन्ही कान मंद झाले होते. ते अंगठ्याचं टोक पात्यावर टेकवत आणि डोळे मिटत. "मी बोटानं ऐकतो, बाई. कान कवाच गेलं."

माझा हात घाईला आला की त्यांची जीभ सुटे. "लाकडाला ढकलताय का म्हशीला? पातं कापतंय, तुमी न्हाय. तुमी फकस्त लाकूड दाखवायचं." वळणावर मी पात्याला पिळत असे, आणि ते टणकन् तुटत असे. "पातं जागचं हलत न्हाय. आपुन लाकूड फिरवायचं. एवढ्या कविता शिकवता, एवढं कळंना?" आतली नक्षी कापायची तर आधी बारीक भोक पाडायचं, पातं वरच्या चिमट्यातून सोडवायचं, सुईत दोरा ओवावा तसं भोकातून ओवायचं आणि पुन्हा ताणायचं. बाहेरची कड सगळ्यात शेवटी. "आधी आतलं. भाईरनं एकदा सुटं झालं की धरायला काय ऱ्हात न्हाय."

पण या सगळ्याच्या आधीचा धडा, ज्याचा त्यांना खरा अभिमान होता, तो यंत्र बसवण्याचा. माझं यंत्र घरी टेबलावर सुटं ठेवलेलं आहे हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांचं यंत्र लोखंडी अँगलच्या चौकटीवर होतं, आणि ती चौकट चार लांब बोल्टांनी भिंतीत आरपार घालून पलीकडून पट्टी मारून आवळलेली होती. यंत्र चालू करून ते त्याच्या पाटावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवत. पाणी हलत नसे. आकाशाचा पत्र्याच्या भोकातून पडलेला कवडसा त्या पाण्यात स्थिर उभा राही.

"थरथर मशिनात ठिवायची न्हाय," ते म्हणत. "तिला वाट करून द्यायची. भिंतीत गेली पायजे."

त्या भिंतीच्या पलीकडे पारूकाकूंची कॉट होती.

पारूकाकू म्हणजे तात्यांची पत्नी. आदल्या थंडीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. वाचा गेली असं म्हणतात, पण एक शब्द मागे राहिला होता. 'व्हय.' पाणी हवं का विचारलं, तर व्हय. नको का विचारलं, तरी व्हय. दुखतंय का, बरं वाटतंय का, खिडकी लावू का, उघडू का, सगळ्याला तो एकच शब्द. त्यांच्या डोळ्यांत वेगवेगळी वाक्यं येत आणि ओठांवर येईतो सगळ्यांचं एकच होऊन जाई. तो शब्द उच्चारल्यावर त्यांना स्वतःलाच कळत असे की आपण हे म्हणालो नाही. मग त्या जोरानं मान हलवत आणि पुन्हा तोच शब्द म्हणत. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी नजर जमिनीकडे गेली.

सून छाया बारामती एमआयडीसीत दूध-पॅकिंगला होती. ती दुपारच्या पाळीला नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून जाई. सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणे. तिच्या बोलण्याला धार होती, आणि त्या धारेखाली माया. "आत्यांनी पन्नास वर्सं मामांना फकस्त व्हयच म्हनलंय," ती डबा भरता भरता म्हणाली. "तेवढंच जिभेला पाठ. दुसरं कुठनं यायचं?"

तात्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते हातातला तुकडा पॉलिशपेपरवर घासत राहिले.

तो तुकडा म्हणजे पेला होता. शिवणीच्या लाकडाचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा, तळहातात मावणारा. जीभ खोटं बोलते पण हात बोलणार नाही, असा तात्यांनी विचार केला होता. पेला, भाकरी, गोधडी, पंखा, खिडकी, लघवीचं भांडं, दुखणारं डोकं, अशा आकृत्या त्यांनी कापल्या आणि एका फळीत त्या त्या आकाराची घरं करून बसवल्या. पारूकाकूंनी डाव्या हातानं हव्या त्या आकाराला बोट लावायचं. प्रत्येक तुकड्याला त्यांनी वरून खाली अगदी सूक्ष्म उतार दिला होता, वाळूतून पॅटर्न निघताना देतात तसा. "निघताना अडाकला न्हाय पायजे. वाळूला कळू न देता भाईर आला तर तो पॅटर्न." डावा हात अशक्त होता, पण त्या उतारामुळे बोटाच्या टेकणीसरशी तुकडा वर येई.

आणि ते जमलं. पहिल्या दिवशी काकूंनी गोधडी उचलली. तात्यांनी पायांवर गोधडी घातली. दुसऱ्यांदा पेला उचलला, आणि पाणी प्याल्यावर तो लाकडी पेला त्यांनी छातीशी धरून ठेवला. छाया सांगत होती, त्या दिवशी मामा शेडमध्ये जाऊन दार लावून बसले होते. बराच वेळ मशीनचा आवाज नव्हता.

मग दिवाळीनंतर ते सुरू झालं. जेवणं उरकली, छाया कामाला गेली, की दोनपासून चारपर्यंत तात्या शेडमध्ये काम करत. चारला ते दुधात कुस्करलेली भाकरी आणि आकारांची फळी घेऊन आत जात. काकू फळीकडे बघत, आणि डाव्या हाताच्या एका फटक्यानं सगळे आकार खाली पाडत. मोकळ्या झालेल्या फळीवर मूठ आपटत. "व्हय! व्हय! व्हय!" आणि मग ओठ घट्ट मिटत. चमचा दातांवर आपटे, दूध हनुवटीवरून मानेत उतरे. हळूहळू रात्रीचं जेवणही सुटलं. सकाळी चार घास जात, तेवढेच. बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पोटात गेलं पाहिजे. हे शरीर असंच झिजत गेलं तर पुढचा झटका त्याला पेलणार नाही.

तात्यांनी त्याचा अर्थ लावला. जे हवंय ते फळीत नाही. ते सापडलं, की ती जेवेल.

त्यानंतर त्यांच्या हातांना उसंत राहिली नाही. रोज दुपारी नवा आकार. मेंढरू. घोंगडं. आंब्याचं झाड. भिगवणच्या बाजूला धरणाच्या पाण्याखाली गेलेलं काकूंचं माहेर होतं. तिथल्या देवळाची कमान त्यांनी आठवणीतून काढून कापली. जोडवं. चूल. मुलाची मोटरसायकल. नातवंड नव्हतं, म्हणून तेही कापून पाहिलं. चारला ते नवा तुकडा घेऊन आत जात, आणि मी शेडमध्ये उभी राहून भिंतीपलीकडचा लाकडाचा खळखळाट ऐके. ते परत येत, तुकडा मांडणीवर ठेवत. "हे न्हाय," एवढंच म्हणत. मांडणीवर ते नाकारलेले आकार ओळीनं वाढत होते.

एकदा त्यांनी पाळणा काढला. त्यांची पहिली मुलगी सव्वा महिन्याची होऊन गेली होती. घरात तिचं नाव घेतलं जात नसे. पाळण्याचं रेखाटन तीन दिवस लाकडावर डकवून पडलं होतं, ते पातं लावत नव्हते. चौथ्या दिवशी कापला. दोऱ्यांच्या मधल्या जागा इतक्या नाजूक की पातं ओवताना त्यांनी श्वास धरला होता. त्या दुपारी आतून खळखळाट ऐकू आला नाही. तात्या बाहेर आले तेव्हा त्यांचे हात रिकामे होते.

"घेतला?" मी विचारलं.

"घेतला. उशीखाली ठिवला." मांडणीवरचा भुसा झटकत म्हणाले, "पर जेवली न्हाय."

मार्गशीर्षात त्यांनी नवी, मोठी फळी करायला घेतली. चाळीस घरांची. जुने-नवे सगळे आकार नव्यानं, थोडे मोठे कापले, म्हणजे काकूंच्या थकत चाललेल्या नजरेला दिसतील. आठवडाभराचं काम. रविवारी मी गेले तेव्हा फळी तयार होती, आणि तात्या पेला हातात धरून तिच्यासमोर बसले होते. तो घरात बसत नव्हता. भाकरीही बसत नव्हती. चाळीसांतला एकही तुकडा आपल्या घरात जात नव्हता. प्रत्येक जण अगदी केसभर मोठा.

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे दोन पोलादी पट्ट्या टांगलेल्या होत्या, दिसायला जुळ्या. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच जरा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची एक पट्टीच वेगळी असते, जिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचाहून किंचित लांब. फळीची घरं त्यांनी साध्या पट्टीनं आखली होती आणि आकार त्या दुसऱ्या पट्टीनं.

"बिडाचं माप घेतलं मी," ते म्हणाले. "लाकूड कुठं आकसतंय, बाई? हे वतायचं थोडंच हाय."

मला काहीतरी हलकं बोलून तो क्षण पार करायचा होता. "घासून बसवता येतील की, तात्या."

"येतील." त्यांनी पेला खाली ठेवला. "चाळीस वर्सांत ही चूक झाली न्हाय. शिकाऊ पोरांना ह्याच चुकीवरनं शिव्या घातल्यात मी." मग त्यांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला, परक्याचा असावा तसा. "आता तिला यवढा टाईम हाय का, घासत बसायला?"

पौषातल्या एका शनिवारी मी पोचले तेव्हा छाया निघायच्या घाईत होती. "बाई, आज मामांना तगादा लावू नका. सकाळधरनं आत्यांनी पाण्याचा थेंब घेतला न्हाय." काकूंच्या डाव्या हाताच्या बोटांचे सांधे सोलवटले होते, छायानं त्यांना खोबरेल लावलं होतं. "फळीवर मूठ आपटून आपटून," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

तात्या शेडमध्ये होते. पाटावर एक तुकडा तयार होता, वर रेखाटन डकवलेलं: माणसाची दोन पावलं. उठून चालावंसं वाटत असेल, असं त्यांच्या मनात आलं होतं. त्यांनी पातं ताणलं, अंगठा टेकवला. पात्याचा ताण बोटाला कळेना. त्यांनी पुन्हा टेकवला.

"आज तुमी कापा," ते म्हणाले.

"मी?"

"रेघेच्या भाईरनं या. घाई न्हाय. मी तिच्यापाशी बसतो, चमच्यानं काय जातंय का बघतो. तुमचं झालं की आणून द्या."

शिकाऊ माणसाला यंत्रावर एकटं सोडायचं नाही, हा त्यांचा नियम. पाच महिन्यांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता. मी बटण दाबलं. पातं धूसर झालं, दिसेनासं झालं. त्याच्या जागी हवेत एक रेघ उरली. मी लाकूड दाखवू लागले. पहिल्या पावलाची टाच, मग तळव्याचा आतला बाक. शिवणीचा पांढरा, निर्गंध भुसा माझ्या मनगटावर साचत होता. मला आठवतं, त्या वेळी माझ्या मनात शुद्ध आनंद होता. हात न थरथरता वळण घेत होता. अंगठ्याच्या गोलाईवर पात्यानं माझं ऐकलं, आणि मी, पलीकडच्या खोलीत एक बाई उपाशी असताना, स्वतःशी हसले.

दुसऱ्या पावलाला हात घातला तेवढ्यात दारात तात्या दिसले. ते काहीतरी म्हणत होते, पण यंत्राच्या आवाजात ऐकू येईना. त्यांनी पुढे येऊन माझ्या हातावरून हात नेला आणि बटण बंद केलं.

"चला," ते म्हणाले. मग दोन पावलं टाकून थांबले. "न्हाय. तुमी चालू करा. मी आत जातो. मी हाक मारीपातुर चालू ठिवा."

मी चालू केलं. लाकूड लावलं नाही, नुसतं पातं हवेत चालत राहिलं. किती वेळ गेला कोण जाणे. हाक आली नाही. शेवटी मीच बंद केलं आणि आत गेले.

खोलीत औषधाचा आणि नासलेल्या दुधाचा वास होता. तात्या कॉटच्या लोखंडी पट्टीवर हात ठेवून जमिनीवर बसले होते. ती कॉट त्यांनीच दिवाळीत भिंतीला चिकटवून लावली होती, काकूंचं डोकं शेडच्या बाजूला. म्हणजे त्यांना काही लागलं तर त्यांनी भिंत ठोकावी आणि पलीकडे आपल्या हाताला ते कळावं. चौकटीचे चारही बोल्ट भिंत ओलांडून तिथेच आले होते. त्यांच्यावर मारलेली पट्टी कॉटच्या उशाला अगदी टेकलेली होती.

"चालू करा," तात्या पुन्हा म्हणाले, पण माझ्याकडे न बघता, आणि मी हललेही नाही. त्यांनी कोनाड्यातल्या पेल्याकडे बोट केलं. "पाणी उकळल्यागत होत होतं त्यात. कॉट हातात धरवत न्हवती. आन् हिचे दात..."

काकू डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होत्या. त्यांच्या डोक्याजवळ, हाताच्या उंचीवर, भिंतीचा चुना खरवडला गेला होता, आणि त्या खरवडीत तपकिरी डाग होते. त्यांच्या सोलवटलेल्या बोटांकडे आणि त्या डागांकडे आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं असावं. दिवाळीपासून रोज दुपारी दोन तास त्या भिंत ठोकत होत्या. यंत्र चालू असताना पलीकडे काही कळणं शक्यच नव्हतं. आणि चारला तात्या फळी घेऊन येत, त्यांना हवं ते तिच्यात नसे, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी कापत.

"आगं, मशीन बंद कर म्हनत हुतीस व्हय?" तात्यांनी विचारलं.

"व्हय," काकू म्हणाल्या.

तात्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात, जणू ऐकू येऊ नये अशा बेतानं, दुसरा प्रश्न विचारला. "का चालू ठिवू?"

"व्हय."

त्याच दुपारी त्यांनी बोल्ट काढले. गंजलेल्या नटांना तेल सोडलं, पान्यावर सारा भार टाकला. मी मदतीला हात घातला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मीच आवळल्यात." यंत्र त्यांनी माझ्या गाडीच्या डिकीत ठेवलं. "घरी न्या. सुटं ठिवू नका," एवढं सवयीनं म्हणाले, आणि मग तोंड फिरवलं.

त्यानंतर घरात आवाज राहिला नाही. छाया सांगे, मामांनी कुकरची शिट्टी काढून टाकली, मिक्सर शेजारी नेऊन दिला, दाराला खाली चिंध्या लावल्या. तिलाही तिची टोचणी होती. "मंगळवारी सुट्टीला घरी असायची मी. कॉट हलताना बघितली हुती, बाई. मला वाटलं, जुनी झालीय. रस्त्यानं गाड्या जात्यात, त्यानं हलत आसंल."

काकू जेवू लागल्या. पहिल्या दिवशी पाच घास, नंतर सात-आठ. आम्हाला वाटलं, झालं. पण फळी पुढे केली तरी त्यांनी पुन्हा कधी कोणत्याच आकाराला बोट लावलं नाही. फळी पाडतही नसत. हात गोधडीवर तसाच पडून असे. त्या शांत झाल्या होत्या की त्यांनी मागणंच सोडलं होतं, हे तात्या दिवसभर त्यांच्या शेजारी बसून शोधत राहिले, आणि त्यासाठी कापता येईल असा आकार त्यांना सुचला नाही. तीन आठवड्यांनी, सकाळच्या चहाच्या वेळी, दुसरा झटका आला. इंदापूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला मी गेले होते, पण गर्दीत तात्यांशी बोलणं झालं नाही. त्यांना शेवटचं पाहिलं ते फाल्गुनात. परीक्षेच्या कामाला इंदापूरला निघाले होते, वाटेत थांबले. ते ओट्यावर बसले होते, अंगात स्वच्छ सदरा, दाढी केलेली. हात मांडीवर, तळवे वर. छायानं चहा आणला. शेडचा पत्रा काढून नेला होता, तिथे आता ऊन पडलं होतं.

"काय कापता का न्हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"कापा की. हात बसला होता तुमचा. ती दोन पावलं..." ते थांबले. "पयलं चांगलं कापलं हुतं."

चहावर साय धरत होती. गाळप त्या वर्षी लांबलं होतं, आणि रस्त्यानं ऊस भरलेला एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत येत होता. त्याच्या टपावरच्या स्पीकरचं गाणं अजून ट्रॅक्टर दिसायच्या आतच अंगणात येऊन पोचलं. ओट्याच्या फरशीतून ते माझ्या तळपायांना जाणवलं. तात्यांनी तळवा फरशीवर टेकवला. मग ते उठले, अनवाणी रस्त्यापर्यंत गेले आणि मधोमध उभे राहून त्यांनी हात वर केला.

ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी केला, गाणं बंद केलं. तरणा माणूस होता, कपाळाला उसाची धूळ. "काय झालं, तात्या? आत कोन आजारी हाय का?"

तात्या बाजूला झाले. दुसरी ट्रॉली पूर्ण पुढे जाईपर्यंत त्यांचा हात तसाच वर होता. मग ते माझ्या आणि छायाच्या समोरून आत गेले, शेवटच्या खोलीशी. त्या खोलीत छायानं आता ज्वारीची पोती रचली होती. तात्यांनी दार हळूहळू ओढून घेतलं, आणि आवाज होऊ नये म्हणून कडी दोन बोटांनी उचलून धरून मगच खाली टेकवली.